क्रियापद चालवून दाखवा

शाळेत गुरुजी फळ्यावर एखादे क्रियापद लिहायचे आणि म्हणायचे, "हं, चालवून दाखव." मग आपण उभे राहून एका दमात म्हणायचे : मी करतो, तू करतोस, तो करतो. क्रियापद 'चालवायचे' असते याची मला तेव्हा मोठी गंमत वाटे. जणू काही ती सायकलच! पुढे इतक्या वर्षांनी, तांबड्या समुद्राच्या काठी, एका फ्रेंच शेजारणीला इंग्रजी क्रियापद चालवून दाखवण्याची वेळ माझ्यावर आली. त्या निमित्ताने थोडे वाचन झाले, आणि ते क्रियापद स्वतःच किती लांबून चालत आले आहे ते कळले. संपादकांनी या अंकासाठी "काहीतरी द्याच" म्हणून तगादा लावला होता, म्हणून तीच हकीकत लिहिते आहे.

आपला अंक हल्ली भारतात आजी-आजोबांकडेही जातो, तेव्हा त्यांच्यासाठी दोन शब्द. थुवाल हे जेद्दाच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर असलेले जुने कोळ्यांचे गाव. त्याच्या शेजारी २३ सप्टेंबर २००९ रोजी किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झाले, आणि आम्ही सगळी मंडळी त्याच्या आवारात राहतो. देश अरबी भाषेचा, पण विद्यापीठाचा सगळा कारभार इंग्रजीत. शेजारी मात्र जगभरचे. त्यामुळे इथे बहुतेक घरांत एक भाषा घरची आणि दुसरी उंबरठ्याबाहेरची असते.

बागेतला प्रसंग

आमच्या शेजारच्या बाई फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या. यजमान प्रयोगशाळेत, मुलगा इथल्या इंग्रजी शाळेत. बाईंना इंग्रजी वाचता बरे येई, बोलताना अडखळत. एका संध्याकाळी आम्ही पाच-सहाजणी बागेत बसलो होतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "माय हजबंड वर्क ऑन सॅटरडे." त्यांचा दहा वर्षांचा मुलगा जवळच खेळत होता. तो तिथूनच ओरडला, "वर्क्स, मामां, वर्क्स!" मुले हसली. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

पुढे कित्येक दिवस बाई बागेत येत, बसत, गोड हसत, पण "हॅलो"च्या पुढे बोलत नसत. मला चुटपुट लागून राहिली, कारण हे दुखणे माझ्या ओळखीचे आहे. माझ्या शाळेत असाच एक 'एस' विसरल्याबद्दल मला तासभर बाकावर उभे केले होते. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला मी वर्षभर हात वर केला नाही.

शेवटी एक दिवस बाई वही घेऊन दारात आल्या आणि विचारू लागल्या, "तुम्ही इंग्रजी कसे शिकलात?"

मी म्हटले, मराठीतून. आमच्या घरी वडिलांच्या कपाटात द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' होती. आधी शब्द, मग मराठी वाक्ये, आणि त्यांचे इंग्रजी आपण करायचे. आपल्या किती पिढ्या त्या पुस्तकाच्या बोटाला धरून इंग्रजीत चालायला शिकल्या! त्यात मुद्दा असा, की नव्या भाषेत आपल्या भाषेच्या दारातून शिरायचे. तेव्हा बाईंना इंग्रजी शिकवायचे तर फ्रेंचमधून शिकवायला हवे. पण मला फ्रेंच कुठे येते? म्हणून आम्ही तोड काढली. वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात मी मराठी लिहायचे, दुसऱ्यात त्यांनी फ्रेंच, आणि तिसऱ्यात दोघींनी मिळून इंग्रजी. क्रियापद घेतले 'फिनिश', म्हणजे संपवणे. फ्रेंचचा उच्चार मी देवनागरीत टिपून घेतला :

मी संपवतो – ज फिनी – आय फिनिश
तू संपवतोस – त्यू फिनी – यू फिनिश
तो संपवतो – इल फिनी – ही फिनिशेस
आम्ही संपवतो – नू फिनिसों – वी फिनिश
तुम्ही संपवता – व्हू फिनिसे – यू फिनिश
ते संपवतात – इल फिनिस – दे फिनिश

तक्ता पुरा झाला आणि बाईंची चूक कुठून येते ते माझ्या एकदम ध्यानात आले. फ्रेंचमध्ये पहिली तीन रूपे लिहिताना शेवटी 'एस' किंवा 'टी' लिहितात, पण उच्चारत नाहीत. शेवटचे व्यंजन गिळायची त्यांच्या जिभेला जन्माची सवय. शिवाय फ्रेंचमध्ये तो 'एस' बहुधा 'तू'च्या क्रियापदाला लागतो, 'तो'च्या क्रियापदाला कधीच लागत नाही. इंग्रजीत नेमके उलटे. 'यू'ला काही नाही आणि 'ही'ला 'एस', तोही ठणठणीत उच्चारायचा! एवढ्याशा अक्षराने बाईंना दोन्ही बाजूंनी कात्रीत पकडले होते. त्यात हुशारी-बिनहुशारीचा काही संबंध नव्हता.

मग आम्ही पुढचे नियम मांडले. 'एस'चे उच्चार तीन : वर्क्समध्ये 'स', कॉल्झमध्ये 'झ' आणि फिनिशेसमध्ये 'इझ'. भूतकाळाच्या 'ईडी'चेही तीन : फिनिश्ट, कॉल्ड, वॉन्टिड. प्रश्न विचारताना 'डझ' पुढे आला की 'एस' त्याच्याबरोबर निघून जातो, मागे क्रियापदाला राहत नाही : 'डझ ही फिनिश?' एकाच घरातली एकच छत्री. ज्याने नेली त्याने नेली.

आणखी एक गंमत. 'आय ईट' आणि 'आय अॅम ईटिंग' या दोन्हींना फ्रेंचमध्ये साधारणपणे एकच रूप पुरते. आपल्याकडे 'खाते' आणि 'खाते आहे' हा भेद तयारच असल्याने आपल्याला ते पटकन कळते. भूतकाळात तर बाई 'आय हॅव फिनिश्ड यस्टरडे' म्हणायच्या, कारण बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये 'संपवले' आणि 'संपवले आहे' यांना एकच रूप चालते.

हा 'एस' आला कुठून?

तक्त्याकडे पाहता पाहता मला शाळेतले संस्कृत आठवले : चलामि, चलसि, चलति. दुसऱ्या पुरुषाला 'सि', तिसऱ्याला 'ति'. फ्रेंचची आई लॅटिन. तिच्यातही 'तू'ला 'फिनिस' आणि 'तो'ला 'फिनित'. तोच स आणि तोच त! आपल्या मराठी 'संपवतोस'मधला स त्याच घराण्यातला. फ्रेंच लिहितात पण उच्चारत नाहीत तो 'एस' आणि 'टी' म्हणजे त्याच जुन्या वाड्याच्या पडक्या भिंती.

इंग्रजीही त्याच कुळातली. तिच्याकडे जुन्या 'त'चा 'थ' झाला, जसा आपला 'त्रि' तिकडे 'थ्री' होतो. म्हणून जुन्या इंग्रजीत 'तो'च्या क्रियापदाला शेवटी 'थ' लागे. १६११ साली निघालेल्या इंग्रजी बायबलमध्ये सगळीकडे हे 'थ'चेच रूप आहे. म्हणजे आमच्या 'चलति'ची सख्खी चुलत बहीण!

मग हा 'एस' कोण? तो उत्तर इंग्लंडमधला. तिथल्या दहाव्या शतकातल्या लिखाणात तो दिसतो. तो मूळ कसा आला यावर विद्वानांचे एकमत नाही. लंडनच्या शिष्ट मंडळींचे रूप 'थ'चे होते. 'एस' हा गावाकडचा. पण तो हळूहळू दक्षिणेत उतरला. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती, आणि सतराव्या शतकात बोलण्यातून 'थ' मागे पडला. ज्या 'एस'साठी आज आपण मुलांचे कान धरतो, तो एके काळी लंडनकरांच्या दृष्टीने बाहेरगावचा उच्चार होता.

बाकीचे प्रत्यय झिजून गेले. उत्तरेकडून डेन्मार्क-नॉर्वेची माणसे येऊन इंग्लंडात वसली. त्यांची भाषा इंग्रजीला जवळची, शब्द सारखे पण शेवट वेगळे. अशा दोन भाषांची माणसे एका बाजारात आली की शब्दाचा मधला भाग राहतो आणि शेपूट गळते. प्रत्यय गळायला या सरमिसळीने हातभार लावला असे अनेक अभ्यासक मानतात.

'यू'ची कथा तर आपल्याला फारच जवळची. इंग्रजीत पूर्वी 'तू'साठी 'दाऊ' असा वेगळा शब्द होता, आणि 'यू' हे अनेकांसाठी. पुढे फ्रेंच दरबारी रीत पाहून मानाच्या एका माणसालाही 'यू' म्हणू लागले, आपण सासरेबुवांना 'तुम्ही' म्हणतो तसे. होता होता सगळेच सगळ्यांना 'तुम्ही' म्हणू लागले आणि बिचारा 'तू' घराबाहेर पडला. इंग्रज माणूस आपल्या कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणतो, ते असे!

'फिनिश' हा शब्दच परदेशी

बाईंनी तक्त्यावर बोट ठेवून विचारले, "पण आमच्या 'फिनिस'चे हे 'फिनिश' कधी झाले?" याचे उत्तर १०६६ सालात आहे. त्या वर्षी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे राजदरबाराची आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच राहिली. खटल्यातले बोलणे इंग्रजीत व्हावे असा कायदा झाला तो १३६२ साली. तोवर हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले होते. 'फिनिसों, फिनिसे' यांतला 'इस' इंग्रजी जिभेवर 'इश' झाला. पनिश, फर्निश, नरिश, पॉलिश, पेरिश, अॅबॉलिश, डिमॉलिश ही सगळी त्याच गलबतातून उतरलेली भावंडे. ही यादी सांगितल्यावर बाईंचा चेहरा फुलला. परक्या गावात एकदम माहेरची माणसे भेटावीत तशी त्यांची गत झाली.

इथे एक गोष्ट मला फार आवडली. परदेशातून आलेली ही क्रियापदे बहुतेक सगळी 'रेग्युलर', म्हणजे नियमाने चालणारी. भूतकाळात मुकाट्याने 'ईडी' लावणारी. उलट गो-वेंट, ईट-एट, सी-सॉ असे वाकडेतिकडे चालतात ते घरचे जुने मानकरी. वाचकहो, आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको! नियम काटेकोरपणे पाळायचे ते पाहुण्याने. घरच्याला सगळे माफ.

तीन रकान्यांचे जुने पुस्तक

आम्ही दोघींनी तीन रकाने काढले तेव्हा आपण काही नवे केले असे मला वाटले होते. नंतर वाचनात आले की हे चारशे वर्षांपूर्वीच झाले आहे, आणि तेही आपल्यासारख्या घर सोडलेल्या माणसाने केले आहे.

२४ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसमध्ये प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची कत्तल सुरू झाली आणि ती फ्रान्सभर पसरली. त्या धामधुमीच्या वर्षांत असंख्य कुटुंबे जीव मुठीत धरून लंडनला आली. विणकर, सोनार, छापखान्यातले कारागीर. हातात कसब होते, पण तोंडात इंग्रजी नव्हते. अशांसाठी जॅक बेलो नावाच्या निर्वासित शिक्षकाने १५८० साली फ्रेंचमधून इंग्रजी शिकवणारे पुस्तक काढले. त्याचे नाव 'इंग्रजी शाळामास्तर' अशा अर्थाचे आहे. बेलो मूळचा नॉर्मंडीतल्या कां या गावचा, जिथे त्या विजेत्या विल्यमचे दफन झाले आहे. एक जण तलवार घेऊन गेला आणि त्याची भाषा इंग्रजांना शिकावी लागली. पाचशे वर्षांनी त्याच गावचा दुसरा रिकाम्या हातांनी गेला, आणि आता इंग्रजी शिकण्याची पाळी त्याची होती.

१५८६ साली बेलोने संभाषणांचे आणखी एक पुस्तक छापले. त्यात तीन रकाने आहेत : एकात इंग्रजी, एकात फ्रेंच आणि एकात त्या इंग्रजीचा उच्चार, फ्रेंच लोकांना वाचता येईल अशा स्पेलिंगात. सकाळी उठणे, मुलांना शाळेत पाठवणे, खाटीक आणि मासळीवाल्याशी घासाघीस, जेवणाची पंगत असे रोजचे प्रसंग. प्रस्तावनेत तो म्हणतो की परक्या देशात भाषा न कळणाऱ्या निर्वासितांचे दुःख काय असते हे मी अनुभवाने जाणतो. हे वाचले आणि मला माझ्या आईची वही आठवली. पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने वहीत देवनागरीत लिहून घेतले होते : 'हाऊ मच?', 'टू मच', 'थँक्यू'. बेलोचा तिसरा रकानाच तो!

पुढे १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य कायद्यानेच काढून घेतले आणि पुन्हा लोंढे निघाले. त्याच वर्षी लंडनमध्ये गी मिएज या लोझानहून आलेल्या गृहस्थाने फ्रेंच लोकांसाठी इंग्रजी शिकण्याची 'नवी पद्धत' छापली. माणसे विस्थापित झाली की व्याकरणाची पुस्तके निघतात, असेच म्हणायला हवे.

आपल्याकडेही हे घडले. बेलोचे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. तो मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिण्याइतका इथल्या भाषांत रमला. त्याने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला पोर्तुगीज भाषेतून छापले गेले. मराठीचे व्याकरण इंग्रजीतून छापले विल्यम केरीने, १८०५ साली, श्रीरामपूरला, पंडित वैजनाथांच्या मदतीने. आणि मराठी माणसाने मराठीतून लिहिलेले दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले १८३६ साली. दादोबांपुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. आपल्या भाषेकडे त्यांनी दुसऱ्या भाषेच्या खिडकीतून पाहिले, आणि म्हणून ती त्यांना नीट दिसली.

आपलेच फ्रेंच बोलणारे

बाईंनी मला एकदा विचारले, "तुमच्या लोकांत कोणी फ्रेंच बोलते का?" मी म्हटले, बोलतात तर! मॉरिशसचे मराठी. १८३४ पासून त्या बेटावर भारतातून करारावर मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणची माणसेही होती. बेट आधी फ्रेंचांचे. १८१० साली ते इंग्रजांनी घेतले, पण तिथल्या लोकांचे कायदे आणि रीतिरिवाज तसेच ठेवण्याचे कबूल केले. त्यामुळे कारभार आणि शाळा इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि घरात, बाजारात क्रिओल अशी तिथली तऱ्हा झाली.

क्रिओलमध्ये क्रियापद चालवावेच लागत नाही. मो मांझे, तो मांझे, ली मांझे : मी, तू, तो, कोणीही खावो, रूप एकच. 'ली' म्हणजे तोही आणि तीही. आता विचार करा. रत्नागिरीकडच्या 'खातो, खाते, खातात' म्हणणाऱ्या आजीचा नातू घरी 'मांझे' म्हणतो, आणि शाळेत त्याच्यापुढे इंग्रजी 'ईट्स'चा 'एस' येऊन उभा राहतो. आजीचा प्रत्यय सुटलेला आणि इंग्रजांचा अजून लागलेला नाही. तरीही मॉरिशसच्या मंडळींनी मराठी सोडली नाही. तिथल्या शाळांतून ती आजही शिकवली जाते. पण ती शिकवावी लागते. आपोआप येत नाही. आपल्या थुवालच्या घरांना यातून घेण्यासारखे आहे.

आजी आला

आता ज्यासाठी हे सारे लिहिले ते सांगते. मागच्या महिन्यात माझा धाकटा फोनवर मावशीला म्हणाला, "आजी आला." त्याची ताई खो खो हसली. पलीकडे मावशीही हसली. तो गोरामोरा झाला, आणि त्या दिवसापासून फोनवर इंग्रजीतच बोलू लागला. मला एकदम बागेतल्या त्या बाई आठवल्या. प्रसंग तोच, फक्त बाजू बदलल्या होत्या.

त्या पोराचे काय चुकले? इंग्रजीत आजोबाही 'केम' आणि आजीही 'केम'. आला, आली, आले, आल्या असे निवडायचे असते हे त्याला कोणी मांडून दाखवलेच नव्हते. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळाले, म्हणून ते शिकवावे लागते हेच आपण विसरतो. चूक झाली की हसतो, आणि मुले मराठी बोलत नाहीत म्हणून मंडळाच्या सभेत उसासे टाकतो.

मी त्याच्यासाठीही वहीत रकाने आखले. मधोमध त्याचे 'केम', आणि भोवती आपली रूपे. त्याने ते पाहिले आणि म्हणाला, "आई, इंग्रजीला माहीतच नाही कोण आलं ते!" दादोबांनी पाठ थोपटली असती.

बाईंचे म्हणाल तर त्या आता बागेत सगळ्यांच्या आधी बोलायला लागतात. परवा मुलाकडे बोट दाखवून आम्हाला म्हणाल्या, "ही करेक्ट्स मी." तो 'एस' त्यांनी असा काही ठसक्यात म्हटला, की मुलगाही हसला आणि आम्ही सगळ्याच हसलो. पण या वेळी त्याही आमच्याबरोबर हसल्या.

शुक्रवारच्या मराठी वर्गाला येताना पालकांनी मुलांबरोबर एक वही पाठवावी आणि तिच्यात घरीच तीन रकाने आखून द्यावेत, ही विनंती. पहिले क्रियापद 'येणे' घेणार आहोत. आणि चालवताना कोणी अडखळले तर हसायचे नाही, हा वर्गाचा एकच नियम आहे. तो मोठ्यांनाही लागू आहे.